तिरपा अक्ष : घरी बांधलेली भिंगाची दुर्बीण आणि उज्जैनच्या यंत्राशी तिचं नातं

जुन्या पितळी दुर्बिणी आपल्या गावांत अजून सापडतात. माळव्यात, ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला जुन्या शाळांच्या प्रयोगशाळांत, वाचनालयांच्या काचेच्या कपाटांत, वाड्यांच्या माळ्यावर एखादी तरी उभी असते. पाहणाऱ्यांचं लक्ष नळीकडे जातं, कारण ती चकाकते. नळी ज्याच्यावर उभी आहे त्या लोखंडी बैठकीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. अशा बैठकीचा वरचा भाग बहुतेक वेळा तिरपा असतो आणि तो तिरपेपणा नवख्याला खटकतो. एका जुन्या शाळेत मी अशी बैठक पाहिली आहे. समारंभाच्या आधी तिला ताजा हिरवा रंग दिला होता आणि ‘वाकडी दिसते’ म्हणून खाली लोखंडी पट्ट्या देऊन वरचा भाग छान आडवा, समतल करून ठेवला होता. नळी चकचकीत झाली होती. पण ती दुर्बीण कुठल्या गावासाठी बसवली होती हे सांगणारी एकमेव खूण त्या दुरुस्तीत पुसली गेली.

ती खूण कशी वाचायची हे समजावून सांगणं, हा या लेखाचा हेतू. मी व्यवसायाने यंत्र अभियंता, इतिहासाकडे उशिरा वळलो. जुनं यंत्र कळायचं असेल तर त्याच जातीचं एक आपल्या हाताने बांधून बघावं, असा माझा अनुभव आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत इंदूरमध्ये घरच्या गच्चीवर भिंगाची दुर्बीण आणि तिची विषुववृत्तीय बैठक टप्प्याटप्प्याने बांधली आणि सुधारत नेली. त्या कामाचा हिशेब आणि त्यातून जुन्या यंत्रांबद्दल जे कळलं, ते इथे मांडतो.

एक भिंग की दोन

सर्वांत स्वस्त दुर्बीण चष्म्याच्या दुकानात मिळते. अधिक १ नंबरचं भिंग मागा. त्याचं नाभीय अंतर बरोबर १ मीटर असतं. ते नळीच्या एका तोंडाला बसवा, दुसऱ्या तोंडाला २५ मिलिमीटर नाभीय अंतराची नेत्रिका लावा. १००० भागिले २५ म्हणजे ४० पट मोठं दिसणार. हिशेब इतका सोपा आहे. पण या दुर्बिणीतून शुक्र बघितला तर तो पांढरा दिसत नाही. एका कडेला जांभळा, दुसऱ्या कडेला तांबूस असा रंगांचा पदर त्याच्याभोवती लोंबतो.

कारण काच प्रत्येक रंगाला सारखं वळवत नाही. निळ्या प्रकाशाला जास्त, तांबड्याला कमी. साध्या क्राउन काचेसाठी निळ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या नाभींमधलं अंतर एकूण नाभीय अंतराच्या सुमारे साठाव्या भागाइतकं असतं. म्हणजे १ मीटरच्या भिंगात निळा रंग एका जागी जुळतो आणि तांबडा त्याच्यामागे सुमारे १६ मिलिमीटरवर. दोन्ही एकदम जुळवणं शक्यच नाही. यावर जुना उपाय एकच : भिंगापुढे भोकाची पुठ्ठ्याची चकती लावून फक्त मधले २५ मिलिमीटर उघडे ठेवायचे. रंग कमी होतात, पण प्रकाशही जातो. मोठं भिंग हवं आणि रंगही नकोत, तर नाभीय अंतर वाढवत न्यावं लागतं, आणि तेही भिंगाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. व्यास दुप्पट, तर लांबी चौपट. सतराव्या शतकात युरोपातल्या दुर्बिणी लांबतच का गेल्या, याचं उत्तर या वाक्यात आहे. डान्झिगच्या हेवेलिअसची एक दुर्बीण सुमारे १५० फूट लांब होती. ती उंच खांबावरून दोरखंडांनी टांगावी लागे आणि वारा आला की हले.

यातून सुटका दोन भिंगांनी झाली. इंग्लंडमधल्या चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलाने १७३३ च्या सुमारास क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि फ्लिंट काचेचं खोलगट भिंग यांची जोडी करवून घेतली. पुढे जॉन डॉलंडने १७५८ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि अशा दुर्बिणी बाजारात आल्या. फ्लिंट काच रंग जास्त फाकवते. म्हणून क्राउनने फाकवलेले रंग ती उलट दिशेने पुरते परत आणते, पण वळवलेला प्रकाश मात्र अर्धामुर्धाच परत करते.

आकड्यांत बघू. आजच्या नेहमीच्या क्राउन काचेचा रंगविषयक अंक ६४.२ आणि फ्लिंटचा ३६.४. फरक २७.८. जोडीचं नाभीय अंतर १००० मिलिमीटर हवं असेल तर क्राउनचं भिंग ४३३ मिलिमीटरचं आणि फ्लिंटचं उणे ७६४ मिलिमीटरचं घ्यावं लागतं. या जोडीत निळा आणि तांबडा एकत्र येतात आणि उरलेला दोष साधारण अर्ध्या मिलिमीटरवर येतो. कुठे १६ आणि कुठे अर्धा! म्हणून माझ्या दुर्बिणीची पहिली आवृत्ती चष्म्याच्या भिंगाची आणि दुसरी ८० मिलिमीटर व्यासाच्या, १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या तयार जोडभिंगाची. ही दोन भिंगं एकाच नळीवर आलटून पालटून लावता येतील अशी बांधणी मुद्दाम केली आहे. १७५८ च्या आधीचा आणि नंतरचा निरीक्षक काय बघत होता, हे मग पाच मिनिटांत शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतं.

नळी आणि तिच्यातला अंधार

नळीसाठी पीव्हीसी पाइप सहज मिळतो, पण मे महिन्यात गच्चीवर तो मऊ पडून वाकतो. शिवाय तापमान १५ अंशांनी उतरलं की १ मीटर पीव्हीसी सुमारे १ मिलिमीटर आखडतो. ॲल्युमिनियम जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणून पहिली नळी पीव्हीसीची, नंतरची ॲल्युमिनियमची.

नळी आतून नुसती काळी रंगवून भागत नाही. काळा रंगसुद्धा तिरप्या प्रकाशाला चकाकतो. त्यासाठी आत भोकाच्या चकत्या ठराविक अंतरावर बसवतात. भिंगाशी प्रकाशाचा शंकू ८० मिलिमीटर रुंद आहे आणि नाभीपाशी १५ मिलिमीटरचं क्षेत्र पूर्ण उजळलेलं हवं, असं धरलं तर चकत्यांचा हिशेब त्रैराशिकाने निघतो : भिंगापासून २५० मिलिमीटरवर भोक ६४, ५०० वर ४८ आणि ७५० वर ३२ मिलिमीटर. याहून लहान ठेवलं तर भिंगाचा काठ वाया जातो. चकत्या बसवल्यावर चंद्राशेजारचं आकाश राखाडीचं काळं झालं. पैशाच्या मानाने सर्वांत मोठी सुधारणा हीच.

भिंग त्याच्या कड्यात घट्ट आवळायचं नाही. थंडीत धातूचं कडं आखडतं, काच तितकी आखडत नाही आणि मग काचेवर तीन ठिकाणी ताण येऊन तारा त्रिकोणी दिसतो. कडं कानाशी धरून हलवलं तर भिंगाचा अगदी बारीक ‘टक’ आवाज यावा, इतकी मोकळीक हवी. पितळी दुर्बिणीतला हा आवाज ऐकून ‘भिंग सैल झालंय’ असं समजून कडं आवळणारे लोक आहेत. कृपया आवळू नका.

कडं नळीशी काटकोनात बसलंय का, हे ताराच सांगतो. ध्रुवासारखा जवळजवळ स्थिर तारा मधोमध आणायचा आणि प्रतिमा थोडी बिघडवायची. कड्याकड्यांची थाळी दिसते. कडी समकेंद्री असतील तर भिंग सरळ. एका बाजूला ओढल्यासारखी दिसली तर कड्यावरच्या तीन जोड-स्क्रूंपैकी एक जोड अर्धा पाव आटा फिरवून पुन्हा बघायचं. एका संध्याकाळचं काम.

तारा थांबत नाही

आता बैठक. १०० पट मोठं दाखवणारी नेत्रिका लावली की दिसणारं आकाश जेमतेम अर्धा अंश रुंद असतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे विषुववृत्ताजवळचा तारा हे अर्धा अंश आकाश २ मिनिटांत ओलांडून जातो. शाळेच्या मुलांची रांग लावली तर प्रत्येक तिसऱ्या मुलाला विचारावं लागतं, ‘बाळ, दिसतंय का अजून?’

फोटोच्या तिवईसारख्या बैठकीत दुर्बीण वरखाली आणि डावीउजवीकडे फिरते. ताऱ्याचा मार्ग मात्र आकाशात तिरपा असतो, म्हणून दोन्ही दिशांना सतत आणि वेगवेगळ्या गतीने हलवत राहावं लागतं. यावर साधा विचार असा : पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याला समांतर एक आस आपल्या बैठकीत बसवली, तर पृथ्वी पूर्वेकडे जितकी फिरते तितकंच या आसाभोवती पश्चिमेकडे फिरवलं की झालं. एकच आस, एकच गती. या आसाला ध्रुवाक्ष म्हणतात. त्याच्याशी काटकोनात दुसरा, क्रांती-अक्ष. तो तारा शोधताना एकदा हलवायचा आणि आवळून ठेवायचा. ही झाली विषुववृत्तीय बैठक.

ध्रुवाक्ष जमिनीशी किती तिरपा? आपल्या गावाचा जितका अक्षांश तितका. इंदूरला २२ अंश ४३ कला, उज्जैनला २३ अंश ११ कला, बडोद्याला २२ अंश १८, ग्वाल्हेरला २६ अंश १३, हैदराबादला १७ अंश २३, बेळगावला १५ अंश ५१ आणि पणजीला सुमारे १५ अंश ३०. इंदूरहून उज्जैनला गेलं की ध्रुव जवळजवळ एका पूर्ण चंद्राच्या रुंदीइतका वर चढतो. विषुववृत्तीय बैठक म्हणजे लोखंडात लिहिलेला गावाचा पत्ता आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

उज्जैनची तिरपी भिंत

ही कल्पना परकी वाटत असेल तर उज्जैनला जाऊन यावं. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वेधशाळा बांधली. तिच्यातल्या सम्राट यंत्राची मधली भिंत दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते आणि तिची वरची कड पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. म्हणजे ती दगडविटांचा ध्रुवाक्षच. दोन्ही बाजूंच्या वक्र कमानी विषुववृत्ताच्या पातळीत आहेत, म्हणून भिंतीची सावली त्यांच्यावरून सर्व दिवसभर सारख्या गतीने, तासाला १५ अंशांनी सरकते. शेजारचं नाडीवलय यंत्र तर आणखी उघड बोलतं. त्याच्या दोन्ही तबकड्या विषुववृत्ताला समांतर आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असताना उत्तरेकडची उजळते, दक्षिण गोलार्धात असताना दक्षिणेकडची. माझ्या बैठकीवरची तास दाखवणारी चकती म्हणजे नाडीवलयाचीच तळहाताएवढी नात.

जयपूर (२६ अंश ५५ कला) आणि दिल्ली (२८ अंश ३९ कला) इथल्या सम्राट यंत्रांचा चढ उज्जैनपेक्षा उभा आहे, तो शोभेसाठी नव्हे. तीच कल्पना, तेच नाव, पण प्रत्येक भिंतीत आपापल्या गावाचा अक्षांश.

जयसिंहाला दुर्बीण ठाऊक होती. त्याच्या फारसी झीजमध्ये दुर्बिणीतून दिसणाऱ्या शुक्राच्या कला, गुरूचे चंद्र आणि लांबट शनी यांचा उल्लेख आहे. ‘दुर्बीण’ हा आपला शब्दही फारसीतलाच, दूरचं बघणारी. मग दुर्बीण हाताशी असताना त्याने दगडी भिंती का बांधल्या, असा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा थोड्या कुत्सितपणे विचारला जातो.

दोन भिंगांची अदलाबदल करता येणारी दुर्बीण इथे कामाला येते. जयसिंह १७४३ मध्ये वारला, डॉलंडचं पेटंट १७५८ चं. म्हणजे त्याच्या हाती आलेली भिंगाची दुर्बीण एकभिंगीच असणार. माझं चष्म्याचं भिंग २५ मिलिमीटरवर रोखून, २० पट मोठं करून शनी बघितला तर कडं सुटं दिसत नाही. ग्रह लांबुडका दिसतो. झीजमधलं वर्णन अशा दुर्बिणीशी बरोबर जुळतं. ही दुर्बीण ‘दाखवते’, पण ‘मोजत’ नाही. मोजायचं तर नाभीत बारीक धागे ताणायला हवेत आणि नळी अंशांकित, न हलणाऱ्या अक्षांवर बसवायला हवी. युरोपात १६६० च्या दशकापासून हे सुरू झालं होतं आणि जयसिंहाच्या यंत्रांत ते आलं नाही, हे खरं आहे. पण भिंतीची निवड अडाणीपणाची नव्हती. न हलणारा, न वाकणारा अक्ष हीच मोजमापाची पहिली अट आहे आणि ती त्याने बरोबर ओळखली होती. मर्यादा सावलीची होती : सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद, म्हणून सावलीची कड दोन मिनिटांच्या सरकण्याइतकी पुसट असते आणि तिचा मध्य नजरेने ठरवावा लागतो.

ध्रुवाक्ष आणि उत्तम जोडभिंग यांची पक्की गाठ पडली ती १८२४ मध्ये, जर्मन कारागीर फ्राउनहोफरच्या दुर्बिणीत. सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाचं जोडभिंग, तिरप्या ध्रुवाक्षावर तोललेली नळी, दुसऱ्या बाजूला प्रतिभार आणि वजनावर चालणारं घड्याळाचं यंत्र. आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, तेव्हाच्या डोरपाटला, ती उभी राहिली आणि तिच्यावर स्ट्रूव्हने १८२७ पर्यंत तीन हजारांहून जास्त जोडताऱ्यांची यादी केली. तीच बैठक आजही ‘जर्मन बैठक’ म्हणून ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत आलेली डब्लिनच्या ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण अशाच तिरप्या ध्रुवाक्षाच्या घराण्यातली. उज्जैनला याच सुमारास, १९२३ मध्ये, माधवराव शिंद्यांनी जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार केला आणि गो. स. आपट्यांसारखा मराठी ज्योतिर्विद तिथे अधीक्षक झाला. दगडी ध्रुवाक्ष आणि लोखंडी ध्रुवाक्ष, दोन्ही आपल्या मुलखात एकाच वेळी कामावर होते.

पाइप, बेअरिंग आणि वर्म

माझी पहिली बैठक सियागंजातून आणलेल्या जीआय पाइपच्या टी आणि निपलची. आटे ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून घेतले की ती गुळगुळीत फिरते. पण नळीला टिचकी मारली तर तारा सुमारे पाच सेकंद थरथरत राही. बैठक सुधारण्याचं माझं माप हेच : टिचकी मारा आणि सेकंद मोजा.

दुसऱ्या आवृत्तीत पाइप जाऊन २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि दोन प्लमर ब्लॉक आले. इथे अभियांत्रिकीचा एक नियम लक्षात ठेवावा : शाफ्टचा व्यास दुप्पट केला की त्याचा ताठपणा सोळापट होतो. म्हणून जाड आणि आखूड शाफ्ट, आणि दोन बेअरिंगांमध्ये जमेल तितकं अंतर. तिवईचे लोखंडी पाय काढून सागवानी केले, कारण लाकूड थरथर लवकर गिळतं. पाच सेकंदांचे दीड सेकंद झाले. प्रतिभार म्हणून व्यायामशाळेतल्या वजनाच्या चकत्या. तोल असा हवा की सगळे स्क्रू सैल केले तरी नळी ठेवाल तिथे थांबली पाहिजे.

आपल्याकडच्या कमी अक्षांशांची एक खास अडचण आहे. युरोपासाठी बनवलेल्या बैठकीचा अक्ष ५० अंशांवर असतो, त्याचं वजन पायांच्या मधोमध पडतं. तोच अक्ष १५-२२ अंशांवर आणला की डोकं उत्तरेकडे पुढे झुकतं आणि प्रतिभाराची दांडी तिवईच्या पायावर आपटते. उपाय दोन : तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवायचा म्हणजे झुकणारं वजन त्याच्यावर येतं, आणि डोक्याखाली वीतभर उंचीचा मधला खांब घालायचा म्हणजे दांडी मोकळी फिरते. बेळगाव-गोव्याच्या मित्रांनी हा खांब आणखी उंच ठेवावा. जुन्या बैठकीत असा मागाहून जोडलेला खांब दिसला, तर ती परदेशातून येऊन इथे जुळवून घेतली असावी, असा कयास करायला हरकत नाही.

आता गती. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची, म्हणजे १४३६ मिनिटांची. हाताने चालवायची स्वस्त युक्ती : ध्रुवाक्षाला एक आडवा हात जोडायचा आणि अक्षापासून २२८.६ मिलिमीटरवर १ मिलिमीटर पिचचा, म्हणजे साध्या एम ६ आट्याचा स्क्रू लावायचा. स्क्रू मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की हात पृथ्वीच्या गतीने सरकतो, कारण १४३६ भागिले २ पाय म्हणजे २२८.६. सरळ स्क्रू गोल मार्ग कापतो म्हणून चूक साठत जाते. २० मिनिटांत ती पाऊण कलेच्या आसपास येते. डोळ्याने बघायला हे पुष्कळ झालं.

यापुढचा टप्पा १४४ दात्यांचं चाक आणि वर्म. वर्मचा एक फेरा ९ मिनिटं ५८ सेकंदांत व्हावा लागतो. वर्मला ५:१ पट्टा आणि स्टेपर मोटर जोडली, मोटरचे एका फेऱ्यात ३२०० सूक्ष्म टप्पे धरले, तर सेकंदाला २६.७ टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्पा अर्ध्या विकलेहून थोडा मोठा असतो. इलेक्ट्रॉनिक्स आज सर्वांत सोपं राहिलंय. कठीण आहे ते चाक. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर १ विकला म्हणजे मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाइतकी लांबी. चाक अक्षावर ०.०२ मिलिमीटर जरी बाजूला बसलं, तरी तारा ८० विकला पुढेमागे डुलतो. सांवेर रोडवरच्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या वयस्कर टर्नरने, डायल गेज लावून, चाक शाफ्टवरच बसवून त्याचा बाहेरचा काठ पुन्हा कातला. शेवटी डुलणं त्याच्या चौथाईवर आलं. त्यांनी आयुष्यात दुर्बिणीतून कधी पाहिलं नव्हतं, पण ‘साहेब, याला केंद्र एकच पायजे’ हे पहिल्या मिनिटाला सांगितलं. असे हात आपल्या औद्योगिक वसाहतींतून कमी होत चालले आहेत. जुन्या यंत्रांची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न पैशाचा कमी आणि या हातांचा जास्त आहे.

अक्ष ध्रुवाकडे लावणं

बैठक कितीही चांगली असो, अक्ष ध्रुवाकडे नसेल तर सगळं व्यर्थ. आधी दक्षिणोत्तर रेषा. होकायंत्र लोखंडी बैठकीजवळ धरून उपयोग नाही. मी सिद्धांतग्रंथांतली शंकूची रीत वापरली : सपाट गच्चीवर उभी काठी, तिच्याभोवती वर्तुळ, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवतं आणि दुपारी बाहेर जाताना जिथे शिवतं त्या दोन खुणा जोडल्या की पूर्वपश्चिम रेषा मिळते, तिला लंब म्हणजे दक्षिणोत्तर. जून किंवा डिसेंबरच्या शेवटी केली तर ही रीत सर्वांत बिनचूक, कारण तेव्हा सूर्याची क्रांती दिवसभरात जवळजवळ बदलत नाही.

मग रात्री ताऱ्याची साक्ष. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, म्हणून तो फक्त सुरुवातीला. पुढचं काम दोन ताऱ्यांचं. आडव्या धाग्याच्या नेत्रिकेत, मध्यमंडलावर आणि विषुववृत्ताजवळ असलेला तारा घ्या. बैठक चालू असताना तो हळूहळू दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलेला आहे. उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. नंतर पूर्व क्षितिजावरचा तारा घ्या : दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली झुकलेला, उत्तरेकडे सरकला तर वर चढलेला. नेत्रिकेत दिशा उलट दिसतात, म्हणून नळी किंचित ध्रुवाकडे ढकलून कुठल्या बाजूने नवे तारे आत येतात ते बघायचं; ती उत्तर. अक्ष १ अंशाने चुकला असेल तर तारा मिनिटाला सुमारे १६ विकला सरकतो, पाच मिनिटांत डोळ्यांना सहज दिसतो. दोन-तीन फेऱ्यांत चूक कलांवर येते.

या अवस्थेला आल्यावर १०० पटीत अभिजितजवळच्या प्रसिद्ध दुहेरी-दुहेरी ताऱ्याचे चारही घटक शांत हवेत सुटे दिसतात. दोन्ही जोड्यांतलं अंतर सव्वादोन विकलांच्या आसपास आणि ८० मिलिमीटरच्या भिंगाची सैद्धांतिक मर्यादा १.४५ विकला. मुख्य म्हणजे तो तारा समोरच राहतो. रांगेतलं शेवटचं मूलसुद्धा घाई न करता बघतं.

जुन्या दुर्बिणीला हात लावण्याआधी

आता मूळ मुद्दा. आपल्या गावात जुनी दुर्बीण असेल आणि तिचा जीर्णोद्धार, रंगकाम, प्रदर्शन असं काही ठरत असेल, तर ब्रासो आणि रंगाचा डबा उघडण्याआधी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, बैठक हलवण्याआधी ध्रुवाक्षाचा जमिनीशी कोन मोजावा. खांब ओळंब्यात आहे ना, हे आधी बघून मग शाफ्टवर कोनमापक ठेवावं, मोबाइलवरचंही चालेल. चार वेळा मोजून सरासरी घ्यावी. कोन १७ च्या आसपास आला तर हैदराबादकडे बघावं, २६ आला तर ग्वाल्हेरकडे, ५१-५३ आला तर ती बैठक लंडन-डब्लिनकडून आली तशीच कधी न वापरता पडून राहिली असण्याची शक्यता आहे. कोनाचा १ अंश म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १११ किलोमीटर, म्हणून यातून प्रदेश कळतो, मोहल्ला नाही. इंदूर आणि बडोदा यांच्यात जेमतेम २५ कलांचा फरक आहे. त्यांची निवड या एका मापावरून करू नये.

दुसरी, कोन बदलता येणारी बैठक असेल तर तिच्या कमानीवरच्या झिजलेल्या खुणा बघाव्यात. स्क्रू वर्षानुवर्षं जिथे आवळला गेला तिथे धातू दबलेला असतो. रंगाखाली ही खूण जाते, म्हणून आधी फोटो.

तिसरी, खांब जमिनीत पक्का असेल तर त्याची दक्षिणोत्तर दिशा तपासावी. ती बरोबर असेल तर दुर्बीण खरोखर वेधासाठी वापरली गेली असं मानायला आधार मिळतो; दिशा भलतीच असेल तर ती नंतर हलवलेली असावी.

चौथी, भिंगाला आणि वर्मच्या चाकाला हात लावू नये. भिंगाची जोडी सोडवली की ती एकमेकांच्या संदर्भात कशी फिरवलेली होती ते हरवतं, आणि चाकावरचं काळं पडलेलं वंगण काढण्याआधी दाते मोजून लिहून ठेवावेत. दात्यांच्या संख्येवरून घड्याळाच्या यंत्राची गती काढता येते.

ही चार मापं घ्यायला एक दुपार पुरते. ती घेऊन झाल्यावर पितळ हवं तितकं चकचकीत करा. फक्त अक्ष तिरपा आहे तसा राहू द्या.